मदत हवी आहे: डोंगलचा ड्रायव्हर टाकल्यापासून दुकानातला पीसी सुरूच होत नाही

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं डीटीपीचं (संगणकावर छपाईचा मजकूर जुळवायचं) छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, पावती पुस्तकं असली कामं. बाबा पूर्वी ट्रेडलवर (जुन्या छपाई यंत्रावर) होते, खिळे म्हणजे शिशाची अक्षरं जुळवायचे. आता टाइप मी करते आणि प्रूफ ते वाचतात. काल दुपारपासून पीसी बंद आहे आणि सोमवारी सकाळी एका पत्रिकेचं मॅटर छपाईला द्यायचंय.

झालं असं, आमचे मराठी फॉन्ट डोंगलवर चालतात, म्हणजे पेनड्राइव्हसारखी एक किल्ली पीसीला लावली तरच. काल ते डोंगल मागच्या पोर्टमधून काढून पुढच्या पोर्टला लावलं, तर 'डोंगल सापडत नाही' असं यायला लागलं. फॉन्टची मूळ सीडी चरे पडून खराब झालीय, वाचतच नाही. म्हणून ओळखीच्या पोराला बोलावलं. त्यानं कुठल्याशा साइटवरून डोंगलचा ड्रायव्हर (विंडोजला डोंगल ओळखायला लावणारा प्रोग्रॅम) उतरवून टाकला, रीस्टार्ट मारला आणि तिथनं पुढं सगळं बिघडलं.

आता बटण दाबलं की लोगो येतो, खाली ठिपके चार-पाच फेऱ्या फिरतात आणि निळा पडदा येतो. त्यावर 'ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल' आणि खाली शेवटी 'एसवायएस' असलेलं एका फाइलचं नाव. मग आपोआप रीस्टार्ट, पुन्हा तेच. दोन-तीनदा असं झालं की 'ऑटोमॅटिक रिपेअर' येतं, पण रिपेअर काही होत नाही. डोंगल काढून बघितलं, फरक नाही. एफ८ दाबून दाबून बोट दुखलं. विंडोज १० आहे.

तो पोरगा म्हणतोय, फॉरमॅट मारायला लागतंय. मला ते नकोय. कामाच्या फाइली डी ड्राइव्हला आहेत, त्या वाचतीलही. पण फॉन्ट परत टाकायचे कशावरनं? सीडी तर गेली. आणि तो फॉन्ट नसला की आमची जुनी फाइल उघडल्यावर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. बारा वर्षांच्या पत्रिका आहेत तशा. लोक धाकट्याच्या लग्नाला थोरल्याच्याच पत्रिकेचा नमुना मागतात हो.

फॉरमॅट न करता हा ड्रायव्हर काढता येईल का? पायरीपायरीनं सांगा, मी करेन.

प्रतिसाद १

ताई, फॉरमॅट अजिबात करू देऊ नका. विंडोज धड आहे, एक ड्रायव्हर बिघडलाय. साधा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा बंद पडतो. ड्रायव्हर मात्र विंडोजच्या गाभ्यात चालतो, तो चुकला की पुढचं नुकसान टाळायला विंडोज स्वतःच थांबतं. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक असेच निळे पडले होते. तेव्हाही बहुतेकांनी सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढली आणि मशीन चालू झालं.

डोंगल काढूनही फरक पडला नाही, कारण असले काही ड्रायव्हर डोंगल असो वा नसो, सुरुवातीलाच लोड होतात. आणि एफ८ विंडोज ८ पासून मुळात बंदच ठेवलेलं असतं, तुमचं काही चुकलं नाही.

ऑटोमॅटिक रिपेअरच्या पडद्यावर 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' घ्या, मग 'ट्रबलशूट', पुन्हा 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'. आधी 'सिस्टिम रिस्टोअर' बघा. परवाची तारीख दिसली तर तीच निवडा. त्यानं ड्रायव्हर आणि सेटिंग मागे जातात, तुमच्या फाइलींना हात लागत नाही. यादी रिकामी असेल तर 'स्टार्टअप सेटिंग्ज', रीस्टार्ट, आणि आकड्यांची यादी आली की ४ दाबा. तो सेफ मोड. तिथं कंट्रोल पॅनेलच्या प्रोग्रॅमच्या यादीत कालच्या तारखेचं जे असेल ते काढा. त्या यादीत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'व्ह्यू'मधून लपलेली डिव्हाइसेस दाखवा, डोंगलवर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल करा आणि ड्रायव्हरही काढून टाकण्याच्या चौकोनात टिक करायला विसरू नका.

प्रतिसाद २

वरचं बरोबर आहे. एवढंच सांगतो, निळ्या पडद्यावरच्या त्या फाइलच्या नावाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सेफ मोडही कोसळला तर कमांड प्रॉम्प्टमधून (आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीतून) विंडोजच्या ड्रायव्हर्स फोल्डरमधल्या नेमक्या त्याच फाइलचं नाव बदलायचं. काढून टाकायची नाही, मागे 'ओल्ड' लावायचं. रिकव्हरीत सी ड्राइव्ह कधीकधी डी म्हणून दिसतो, तेव्हा आधी आत विंडोजचं फोल्डर आहे का बघून घ्या. ४८ आकडी किल्ली मागितली तर ड्राइव्हला बिटलॉकर (विंडोजचं कुलूप) लागलेला आहे, ती किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते.

आणि ताई, मूळ दुखणं मला पोर्टचं वाटतंय, ड्रायव्हरचं नाही. मशीन उठलं की डोंगल मागच्या जुन्या पोर्टलाच लावा.

धागाकर्ती

झालं! दोघांचे मनापासून आभार.

सिस्टिम रिस्टोअरची यादी रिकामी निघाली, ते कधी चालूच केलेलं नव्हतं. मग ४ दाबून सेफ मोड. काळा पडदा, चारी कोपऱ्यांत 'सेफ मोड' लिहिलेलं आणि मध्ये आमचा नेहमीचा डेस्कटॉप. बघूनच जीव भांड्यात पडला. प्रोग्रॅमच्या यादीत कालच्या तारखेचं एकच नाव होतं, ते काढलं. रीस्टार्ट केल्यावर विंडोज सरळ सुरू झालं.

डोंगल मागच्या पोर्टला लावलं आणि त्याचा बारका हिरवा दिवा लागला. जुना ड्रायव्हर आतच होता, त्यानं लगेच ओळखलं. पुढचं पोर्ट टॉर्च मारून बघितलं तर कागदाच्या भुशानं भरलेलं.

सिस्टिम प्रोटेक्शन (म्हणजे पुढच्या वेळी रिस्टोअरची यादी रिकामी नको) आता चालू केलंय आणि कामाच्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी होतायत. फॉन्टच्या कंपनीला सकाळी फोन करून नवी सीडी मिळते का विचारणार आहे. बाबा प्रूफ घेऊन बसलेत. 'श्री महालक्ष्मी प्रसन्न'मधल्या 'श्री'ची वेलांटी एक धागा डावीकडं सरकलीय म्हणतात. ती नीट करून मॅटर पाठवते.