सल्ला हवा: गॅस सेलला क्वार्ट्झची खिडकी चालेल का?

पाइपवाला: एमएस्सीचा प्रोजेक्ट. १५ सेमी पीव्हीसी पाइपचा सेल, एका टोकाला आयआर (इन्फ्रारेड) सोर्स, दुसऱ्या टोकाला ४.२६ मायक्रॉन तरंगलांबीचा फिल्टर लावलेला डिटेक्टर. कार्बन डायऑक्साइडचं शोषण दाखवायचंय. टोकांना क्वार्ट्झच्या चकत्या लावू का? बजेट २००० रुपये, वर एक रुपया नाही. गाइड म्हणतात, "बघ तुझं तू."

भिंगवेडा: नको. ३.५ मायक्रॉननंतर क्वार्ट्झ दार लावून घेतो. सॅफायर घे. माझ्या चकत्यांना पाच वर्षांत ओरखडा नाही.

पाइपवाला: दादा, बजेट वाचलंत का?

मिठाचा खडा: आमच्याकडे मिठाच्या खिडक्या होत्या. जुलैत कुणीतरी डेसिकेटर (वस्तू कोरड्या ठेवायचं बंद भांडं) उघडा टाकून गेलं. सोमवारी बघतो तर चकत्या दूध सांडल्यासारख्या पांढऱ्या. कॅल्शियम फ्लोराइड घे.

काटकसरी काका: घरी क्वार्ट्झ हीटर आहे. ऊब लागते ना? म्हणजे इन्फ्रारेड जातंच की!

भिंगवेडा: काका, जातं ते ३.५च्या आतलं. बाकीची ऊब तापलेली नळी स्वतःच फेकते.

काटकसरी काका: ऊब ती ऊब.

जुनं खोड: दार कायमचं बंद नसतं हो. ९ मायक्रॉनच्या आसपास क्वार्ट्झ चक्क आरशासारखा वागतो, आणि ५०च्या बऱ्याच पुढे परत पारदर्शक. रुबेन्स आणि वुड या भौतिकशास्त्रज्ञांनी १९११ साली क्वार्ट्झच्याच भिंगांनी १०० मायक्रॉनच्या आसपासचे किरण वेगळे काढले. तिकडे अपवर्तनांक १.५ वरून २.१ च्या घरात जातो, त्यामुळे फोकस जवळ येतो. बाकी किरण पसरून जातात.

भिंगवेडा: सर, पोराला ४.२६ हवंय.

केबीआर पीडित: विषय निघालाच आहे तर. धुळीच्या सॅम्पलच्या आयआर स्पेक्ट्रममध्ये ७९८ आणि ७७९ प्रति सेमीची जोडी दिसली, दोन दिवस सिलिका-सिलिका म्हणून नाचलो. ब्लँकमध्येही (धूळ न घातलेल्या नमुन्यात) तीच जोडी! खल अगेटचा होता, म्हणजे क्वार्ट्झच, म्हणजे सिलिकाच. घासला गेलेला खल बदला.

मिठाचा खडा: कॅल्शियम फ्लोराइडच घे.

पाइपवाला: सगळ्यांचे आभार. काहीच घेतलं नाही. पारदर्शक पॉलिथिनची पिशवी कापली, टोकांवर ताणली, रबरबँड लावले. पॉलिथिन ३.४ आणि ६.८ला अडवतं, ४.२६ मोकळं. बाजूच्या नळीतून फुंकर मारली, रीडिंग पडलं.

भिंगवेडा: फिल्मवर वाफ धरली असेल. तू पाणी मोजतोयस!

पाइपवाला: म्हणून सोडा-व्हिनेगरचा गॅस कॅल्शियम क्लोराइडमधून सुकवून सोडला. तरी पडलं. खर्च ३० रुपये, त्यात व्हिनेगर आईचं.

काटकसरी काका: रबरबँड कितीला पडले?