अनुभव धागा: इंग्रजीचे काळ मराठी माणसाला कुठे अडवतात?

नाशिकमध्ये मराठी माध्यमातल्या मुलांना किंवा मोठ्यांना इंग्रजी शिकवणाऱ्यांनी इथे लिहावं. बारा काळांचा तक्ता सगळ्यांच्या वहीत आहे, तो पुन्हा नको. चूक कुठली, का होते आणि कशी सुटते, तेवढं नेमकं सांगा.

पंचवटीहून

सगळ्यात चिवट चूक 'होतो'ची. 'मी काल त्र्यंबकला गेलो होतो' हे मराठीत साधं वाक्य. शब्दाला शब्द लावला की 'आय हॅड गॉन टू त्र्यंबक येस्टरडे' तयार होतं. इथे फक्त 'वेंट' हवं. मराठीतला 'होतो' एवढंच सुचवतो की जाणं झालं, आता ते मागे पडलं. इंग्रजीतल्या 'हॅड'ला मात्र भूतकाळातलीच दुसरी घटना लागते, जिच्या आधी ही घडली: 'व्हेन वी रीच्ड मेळा स्टँड, द बस हॅड लेफ्ट.' मुलाने 'हॅड' लिहिलं की विचारायचं, 'कशाच्या आधी?' उत्तर त्या वाक्यात किंवा मागच्या वाक्यात सापडलं नाही, तर 'हॅड' खोडायचं. 'बिफोर'मुळे क्रम आधीच कळत असेल, तर साधा भूतकाळही चालतो. तिथे गुण कापणं मला अन्यायाचं वाटतं.

सातपूरहून

मुलाखतीच्या तयारीत हमखास येणारं वाक्य: 'आय अॅम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.' मुळात मराठी वाक्य 'पाच वर्षांपासून काम करतोय' असं असतं, त्यामुळे दोन चुका एकदम होतात. आधी विचारा, काम अजून चालू आहे का? असेल तर 'हॅव बीन वर्किंग', संपलं असेल तर नुसतं 'वर्क्ड'. मग 'पासून' फोडा. कालावधी असेल तर 'फॉर फाइव्ह इयर्स'. कॅलेंडरवर बोट ठेवता येईल अशी सुरुवात असेल तर 'सिन्स २०१९', 'सिन्स मंडे'. 'नो' (ओळखणं) यासारख्या क्रियापदाला मात्र 'आयएनजी' लावू नका: 'आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स.'

नाशिकरोडहून

'पोचलास की फोन कर.' रूप भूतकाळाचं, अर्थ भविष्याचा! इंग्रजीत इथे साधा वर्तमानकाळ येतो: 'व्हेन यू रीच नाशिक रोड, कॉल मी.' मुलं अर्थाकडे बघून 'व्हेन यू विल रीच' लिहितात. 'इफ', 'अंटिल', 'अॅज सून अॅज' यांनाही हाच नियम, 'विल' गेलं तर मुख्य वाक्यात जातं. पण 'केव्हा' हा प्रश्न वाक्यात दडलेला असेल तर 'विल' राहतं: 'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम.' हा फरक त्याच दिवशी शिकवा, नाहीतर मुलं तिथलंही 'विल' काढून टाकतात. कुणी हाक मारली की आपण 'आलोच!' म्हणतो, त्याचं इंग्रजी 'आय अॅम कमिंग', 'आय केम' नाही.

कॉलेज रोडहून

'डिड यू वेंट?' भूतकाळ 'डिड'मध्ये येऊन गेला, पुढे मूळ रूपच: 'डिड यू गो?' 'डिडन्ट'लाही तेच.

इंदिरानगरहून

'सिंहस्थ २०१५ साली झाला आहे' असं मराठीत चालून जातं, म्हणून 'हॅज टेकन प्लेस इन २०१५' लिहिलं जातं. संपलेली वेळ सांगितली, की 'टुक प्लेस'. वेळ न सांगता आजवरचं विचारायचं असेल तर 'हॅव यू एव्हर सीन द कुंभमेळा?' 'धिस मॉर्निंग'चं घड्याळावर ठरतं. सकाळी दहाला 'हॅव यू हॅड टी धिस मॉर्निंग?', संध्याकाळी 'डिड यू हॅव'. अमेरिकन बोलण्यात 'आय जस्ट एट' सर्रास ऐकू येतं, ती चूक धरू नका.

उच्चारही तपासा. 'वॉक्ड'च्या शेवटी 'ट' ऐकू येतो, 'ओपन्ड'च्या शेवटी 'ड'. 'इड' फक्त 'ट' किंवा 'ड'ने संपणाऱ्या क्रियापदांना: 'वाँटेड', 'नीडेड'. 'वॉकेड' म्हणणारी मुलं सुधारताना शेवटचा 'ट' गिळतात आणि ऐकणाऱ्याला वर्तमानकाळच ऐकू जातो. यावर उपाय म्हणजे पुढे स्वराने सुरू होणारा शब्द जोडून म्हणवून घेणं: 'वॉक्ड अप', 'वॉक्ड अराउंड'. 'ट' आपोआप पुढच्या स्वराला चिकटून मोकळा होतो.