मदत हवी आहे: गित्क्सान स्तंभांवरची छोटी माणसं

कॅनडात, ब्रिटिश कोलंबियातल्या स्कीना खोऱ्यात किस्पिऑक्स आणि गितान्याऊ या गावांतले, गित्क्सान या तिथल्या आदिवासी समाजाचे कोरीव लाकडी स्मृतिस्तंभ पाहून आले. फोटोंखाली मराठीत ओळी लिहायच्या आहेत.

एवढं कळलंय: हे पूजेचे खांब नाहीत. दिवंगत प्रमुखाच्या स्मरणार्थ, मोठी मेजवानी घालून ते उभारतात. लांडगा, बेडूक ही त्या घराण्याची कुलचिन्हं; आईकडून चालत आलेली, इतरांनी परस्पर वापरायची नाहीत. म्हणून ‘बेडूक म्हणजे अमुक गुण’ छापाच्या याद्या कृपया नकोत, नेटवर त्यांचा सुकाळ आहे. मानववंशशास्त्रज्ञ मारियस बार्बो यांचं या स्तंभांवरचं १९२९ चं पुस्तक चाळलंय.

अडलंय ते मोठ्या आकृत्यांच्या मधल्या छोट्या माणसांपाशी. गितान्याऊच्या ‘बर्फातलं भोक’ या स्तंभावर भोकाभोवतीही ती आहेत. त्याची कथा, उपासमारीत बर्फ फोडून मासे धरल्याची, वाचलीय. पण ही माणसं स्वतः कुलचिन्हं, कथेतली पात्रं, की नुसती जागा भरायला कोरलेली? प्रत्येक स्तंभावर उत्तर वेगळं असेल तर ओळखायचं कशावरून?

आणि कथा घराण्याच्या मालकीची असते, तर चार ओळींसाठीही परवानगी कोणाकडे मागायची: घराण्याच्या प्रमुखाकडे की गावच्या कार्यालयात?