तारापूर अणुवीज केंद्र: वापरलेलं इंधन साठवायची जागा वाढवली म्हणजे नेमकं काय केलं?

चिंचणीकर: पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९च्या. जागा वाढवली म्हणजे वापरलेलं इंधन ज्या पाण्याच्या तळ्यात ठेवतात, त्याच तळ्यात ते दाटीवाटीने कोंबलं का? घरात लहान मुलं आहेत, काळजी वाटते.

निवृत्त तंत्रज्ञ: काळजी रास्त आहे. पण कोंबत नाहीत, ताई. दाट मांडणीत इंधनाच्या जुड्या जवळ येतात, म्हणून साखळी प्रक्रिया सुरू होऊ नये यासाठी मध्ये सहसा न्यूट्रॉन शोषणारं बोरॉन घालतात. वर कित्येक मीटर पाणी. तेच थंडावा देतं, किरणंही अडवतं. शिवाय तारापूरला भट्टीबाहेर वेगळं तळं बांधलंय.

बोईसरवाला: साठा वाढायचं मूळ कारण भारत-अमेरिकेचा १९६३चा करार. अमेरिकेच्या संमतीविना पुनर्प्रक्रिया, म्हणजे वापरलेल्या इंधनातून उपयोगी भाग वेगळा काढणं, करता येईना, साठा वाढत गेला.

चिंचणीकर: आणि वीज जाऊन तळ्याचं पाणी थंड ठेवणारे पंप थांबले तर?

निवृत्त तंत्रज्ञ: म्हणूनच काही वर्षं निवलेलं इंधन कोरड्या पिंपांत ठेवावं. तिथे पंप लागत नाही, वाहती हवा पुरते. आणि साठ्याचे आकडे दरवर्षी ग्रामसभेत सांगायलाच हवेत.