लॅपला मराठीत काय म्हणायचं? (मांडी सोडून सांगा)

निशाचर: लहान मुलांची इंग्रजी कोडी मराठीत करतेय, एकावर आठवडाभर अडकलेय. "उभं राहिलं की तुमचं काय नाहीसं होतं?" उत्तर लॅप. मांडी लिहिलं तर पोरं हसतील, उभं राहिलं तरी मांड्या असतातच ना जागेवर. इंग्रजीत थाय म्हणजे पायाची मांडी वेगळी नि लॅप म्हणजे बसल्यावर मांड्यांवर होते ती जागा वेगळी, आपल्याकडे सगळी मांडीच.

शुद्धमती: अंक. छान संस्कृत शब्द आहे, वापरत नाही आपण म्हणून मरतोय.

झेंडू: अंक म्हटलं की पोराला पाढे आठवणार. ध्रुवाच्या गोष्टीत आमची आजी "बापाच्या मांडीवर"च म्हणायची.

उंटावरचा: लॅप मूळचा आपलाच हो, लपणे. मांजर येऊन लपतं तिथे.

पोटोबा: काहीही! जुन्या इंग्रजीत तो कपड्याचा लोंबता भाग, कोटाचं लॅपेल त्यातलंच. मग झग्याचा पुढचा घोळ ज्यात काहीबाही घेता येतं, आणि मग त्या घोळाखालचं अंग. शर्यतीतला लॅपसुद्धा गुंडाळण्यावरून त्याच घरचा. मांजर दूध पितं तो लॅप मात्र वेगळा.

झेंडू: अगं मग ही आपली ओटीच झाली की! पदराची झोळी ती ओटी आणि खाली ओटीपोट. लेकरू पण ओटीतच घालतात.

उंटावरचा: आजोबांना कुठली ओटी? लॅप त्यांनाही असतो.

शुद्धमती: म्हणूनच म्हटलं अंक.

टिवटिव: सरळ लॅप लिहा ना, घरोघरी लॅपटॉप आहे, पोरांना कळतं.

शुद्धमती: मग पुस्तक तरी मराठीत कशाला काढता?

गप्पूशेठ: मांडी घालून बसतो ती मांडी उठलं की मोडतेच की. कोडं आहे तस्संच चालेल.

झेंडू: ओटीवरून आठवलं, माझ्या ओटीत मामीने ब्लाउजपीस घातला आणि वर म्हणाली खण मिळत नाही आता, आणि तोच ब्लाउजपीस पुढच्या वर्षी मी तिच्या ओटीत घातला तर तिने ओळखला!

पोटोबा: आमच्याकडे तर एकच नारळ चार घरं फिरून आलाय.

निशाचर: गप्पूशेठ, भारी! पण चित्रात आजी खुर्चीवर बसलीय हो, पाय खाली सोडून.

उंटावरचा: नारळ चार घरं फिरला म्हणजे आत पाणी उरलं होतं का?