सर्दी नाही, तरी घशात सतत कफ : दुखणं नाकाचं की पोटाचं?

नमस्कार मंडळी,

सर्दी म्हणावी तर सर्दी नाही, बरी झाले म्हणावं तर तेही नाही. हा आठवा महिना. मी शाळेत शिकवते, वय ४३. एकदा दणकून सर्दी झाली, ताप गेला, शिंका गेल्या, पण नाक काही पूर्वीसारखं मोकळं झालं नाही. पुढून फारसं वाहत नाही, सगळा कारभार मागच्या मागे. पडजिभेमागून काहीतरी चिकट घशात उतरत राहतं. खाकरलं तर निघत नाही, आवंढा गिळला तर जात नाही. खाली वाकलं की गालफडं आणि भुवयांच्या मध्ये जड होतं. वास तर जवळपास गेलाच आहे. परवा गॅसवरचं पातेलं करपलं, ते मला धूर दिसल्यावर कळलं.

गंमत म्हणून सांगते. फळ्याकडे वळलं की मी खाकरते, ही सवयच झाली आहे. गेल्या आठवड्यात वळले, आणि मी खाकरायच्या आधीच मागच्या बाकावरून कुणीतरी हुबेहूब माझ्यासारखं खाकरलं. वर्ग हसला, मीही हसले. घरी वह्या तपासताना मात्र मोजलं. तासाभरात २६ वेळा!

आतापर्यंत काय केलं ते असं. नेहमीच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकचे दोन कोर्स दिले. गोळ्या चालू असेपर्यंत बरं, मग पुन्हा तेच. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि सीटी स्कॅन काढला. नाकाचा पडदा वाकडा, दोन्ही गालांमागच्या सायनसचं (हाडातल्या पोकळीचं) अस्तर सुजलेलं, पॉलिप (नाकातल्या मऊ गाठी) नाहीत. मोमेटासोनचा (सूज उतरवणारा) स्प्रे आणि मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगितलं. दोन आठवड्यांत काहीच फरक पडेना म्हणून दोन्ही सोडलं. मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, स्वरयंत्राच्या मागे लाली आहे, पोटातलं आम्ल घशापर्यंत येतंय, पित्ताच्या गोळ्या घ्या. पण मला छातीत जळजळ कधीच होत नाही! ओळखीतल्या सगळ्यांचं एकमत वेगळंच : नाकाचं हाड वाढलंय, ऑपरेशन करून टाक.

आणि एक कबुली. रात्री झोप लागावी म्हणून झायलोमेटाझोलिनचे (चोंदलेलं नाक मोकळं करणारे) थेंब चार महिने रोज घालते आहे. हे दोन्ही डॉक्टरांना सांगायचं राहून गेलं. (खरं तर राहून गेलं नाही, ओरडा बसेल म्हणून टाळलं.)

नक्की कुठल्या दिशेने जाऊ? ऑपरेशन करून कुणाच्या घशातलं हे थांबलंय का?

प्रतिसाद १

ताई, बाकी सगळं राहू द्या, आधी ते थेंब. तीन ते पाच दिवसांवर घालायचे नसतात. नाकातल्या रक्तवाहिन्या त्यांनी आकसतात, असर उतरला की दुप्पट फुगतात, म्हणून परत थेंब. चोंदणं सर्दीचं उरतच नाही, थेंबांचं होतं. मी दोन वर्षं या चक्रात होतो. एका वेळी एकाच नाकपुडीतले बंद केले, म्हणजे निदान दुसरीने श्वास घेता येतो. पहिल्या तीन-चार रात्री वाईट गेल्या. डॉक्टरांना सांगूनच करा, ओरडले तर ओरडले.

स्प्रे दोन आठवड्यांत सोडलात तो घाईने. मला दीड-दोन महिन्यांनी गुण आला. मान किंचित खाली, डाव्या नाकपुडीला उजवा हात, टोक मधल्या पडद्याकडे नाही, कानाच्या दिशेला. आणि जोरात ओढायचं नाही, नाहीतर औषध थेट घशात.

प्रतिसाद २

"हाड वाढलंय" हे आपल्याकडचं सरसकट निदान आहे. हाड वाढत नसतं. पडदा वाकडा असतो, आणि तो कितीतरी धडधाकट माणसांचाही असतो. पडदा सरळ करणं आणि सायनसची तोंडं मोकळी करणं या दोन वेगळ्या शस्त्रक्रिया आहेत. कुणी ऑपरेशन म्हणालं की कुठलं आणि कशासाठी, हे आधी विचारा. तेही औषधं नीट, पुरेसे दिवस घेऊन झाल्यावर.

नाक धुणं सोडू नका. गालामागच्या सायनसचं दार तळाशी नसून वर असतं. आतले सूक्ष्म केस शेंबूड वर ढकलत त्या दारापर्यंत नेतात. सुजेने दार बंद झालं की माल आतच साठतो. लिटरभर पाण्याला ९ ग्रॅम मीठ, म्हणजे झोंबत नाही. पाणी उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं थेट नको. त्यातून अमीबा नाकावाटे मेंदूत गेल्याच्या घटना आहेत. दुर्मीळ, पण जिवावरच्या.

आम्लाचं म्हणाल तर छातीत जळजळ न होताही ते घशाला त्रास देऊ शकतं. नाक आणि पोट, दोन्ही एकदम असू शकतात.

प्रतिसाद ३

रक्तदाबाची गोळी चालू आहे का? रामिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्यांनी घशात खवखव आणि कोरडा खोकला होतो. माझे सहा महिने त्यात गेले.

एकाच बाजूने घाण वास किंवा रक्त आलं तर दाढ आणि नाक दोन्ही तपासून घ्या. डोळ्याभोवती सूज, एकाची दोन दिसणं, मान आखडून भयंकर डोकेदुखी, यांतलं काही झालं तर इथे लिहीत बसू नका, थेट दवाखाना गाठा. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसला किंवा घास अडकू लागला तरी दाखवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. रक्तदाबाची गोळी नाही. स्प्रे देणाऱ्या पहिल्या तज्ज्ञांना फोन करून थेंबांचं सांगून टाकलं. ओरडले नाहीत, नुसतं "हं" म्हणाले, ते जास्त लागलं. उजवीकडचे थेंब बंद करून सहा दिवस झाले. तीन रात्री उशांना टेकून बसून काढल्या. काल पहाटे उजवी नाकपुडी आपली आपण उघडी होती. आता डावीची पाळी. स्प्रे आणि धुणं पुन्हा सुरू केलंय, सहा आठवड्यांनी परत बोलावलंय. पित्ताच्या गोळ्या तोवर चालू.

खाकरल्याने घसा आणखी सुजतो आणि आणखी खाकरावंसं वाटतं, म्हणून उबळ आली की पाण्याचा घोट घ्या, असंही ते म्हणाले. आज फळ्याकडे वळण्याआधी बाटली तोंडाला लावली. मागचा बाक खाकरला, आणि या वेळी एकटाच पडला.

वास परत यायला कुणाला किती दिवस लागले, तेवढं सांगाल का?