तोंडाच्या दुर्गंधीचे नेमके निदान कसे करून घ्यावे? (खर्च दीड हजारांच्या आत)

सेलूचे_गुरुजी:
दोन वर्षांपासून माझ्या तोंडाला वास येतो. दात दोन वेळा घासतो, जीभही घासतो, तंबाखूला कधी हात लावलेला नाही. तरीही वही दाखवायला आलेली मुले मान वळवतात, हे रोज दिसते आणि मनाला फार लागते. औषधाआधी कारण कळावे, म्हणून कोणती तपासणी करावी ते अनुभवी मंडळींनी सांगावे.

माधव_जालना:
गुरुजी, पोट तपासा. माझ्या एंडोस्कोपीला साडेचार हजार लागले, पण जठरातला हेलिकोबॅक्टर जंतू सापडला आणि चौदा दिवसांच्या गोळ्यांनी वास गेला. पैशाकडे पाहू नका.

अनुराधा_लातूर:
माधवराव, तुमचा अनुभव खरा असेल, पण शंभरातल्या ऐंशी ते नव्वद जणांत मूळ तोंडातच असते, म्हणजे जिभेच्या मागच्या भागावरचा थर किंवा हिरड्या. माझ्या दंतवैद्यांनी प्रत्येक फटीतून दोरा फिरवून तो लगेच नाकाशी धरला. दिसायला सगळा दोरा पांढराच होता, पण एका ठिकाणी कुजका वास आला आणि त्या दाढेच्या जुन्या कॅपखाली कीड निघाली.

माधव_जालना:
कीड असती तर दाढ दुखली असती. माझी एकही दुखत नव्हती.

अनुराधा_लातूर:
माझीही दुखत नव्हती. कॅपखाली नस काढलेली दाढ कशी दुखेल?

सुलभा_बीड:
मी श्वासाचा वास मोजायचे, हातात धरायचे बावीसशे रुपयांचे यंत्र मागवले. एकाच सकाळी त्याने तीन वेगळे आकडे दाखवले आणि लसणाच्या ठेच्यानंतर तर काटा टोकाला गेला. ते घेऊ नका.

दंतविद्यार्थी_नांदेड:
तज्ज्ञाने स्वतः वास घेऊन शून्य ते पाच अशी श्रेणी देणे, हीच आजही मुख्य पद्धत आहे. त्यासाठी आधी दोन दिवस कांदा, लसूण व मसालेदार पदार्थ टाळायचे आणि तपासणीला उपाशीपोटी, दात न घासता, अत्तर न लावता जायचे. हॅलिमीटर हे यंत्र श्वासातल्या, वास आणणाऱ्या गंधकयुक्त वायूंचे एकत्रित प्रमाण सांगते. गॅस क्रोमॅटोग्राफी ही यंत्रतपासणी त्यांतले हायड्रोजन सल्फाइड, मिथाइल मर्कॅप्टन आणि डायमिथाइल सल्फाइड वेगवेगळे मोजते. यंत्राआधी घरी एक करा: तोंड मिटून नाकाने आणि मग नाक दाबून तोंडाने श्वास सोडा, घरच्या माणसाला वास घ्यायला सांगा. वास फक्त नाकातून आला, तर मूळ नाकात किंवा सायनसमध्ये असू शकते.

परभणीकर_काका:
अनुराधाताईंनी सांगितलेच आहे, तरी पुन्हा सांगतो, आधी दंतवैद्य. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात मी हिरड्या दाखवल्या, खर्च अगदी थोडा आला. ॲलर्जीच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा, त्यांनी तोंड कोरडे पडते आणि वास वाढतो.

सेलूचे_गुरुजी:
सर्वांचे मनापासून आभार. पत्नीने तीन दिवस सकाळी वास घेतला. तोंडातून जवळजवळ काहीच नाही, उजव्या नाकपुडीतून मात्र तिन्ही वेळा आला. त्याच बाजूचा गाल वाकल्यावर जड होतो, आणि सर्दीसाठी मी रोज रात्री ॲलर्जीची गोळी घेतो, हे मी लिहिलेच नव्हते. बहुतेकांनी दंतवैद्य सांगितले असले, तरी मी आधी परभणीला कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जातो. सोमवारी मुलांची घटक चाचणी आहे, ती आटोपून मंगळवारी निघेन.

अनुराधा_लातूर:
जरूर जा, गुरुजी. पण वरच्या दाढांची मुळे सायनसला लागूनच असतात, म्हणून उजव्या वरच्या दाढांचा एक्स-रे काढायला विसरू नका.